दहा वाजून पाच मिनिटांची लवचीकता

जपानी सॉफ्टवेअर कंपन्या अ‍ॅजाइल पद्धत (म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम करत, गरजेप्रमाणे ते बदलत जाण्याची रीत) कशी राबवतात हे पाहून यावे, म्हणून आमच्या पुण्याच्या कंपनीने आम्हां काही जणांना तोक्योला धाडले. यजमानांकडून सर्वांत आधी आले ते मिनिटामिनिटाचे वेळापत्रक. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे अधिक मोलाचे, हे २००१च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यातले तत्त्व दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू होऊन दहा पंचविसाला समजणार होते, आणि त्यावरचे प्रश्न आम्ही आधीच लेखी कळवायचे होते.

पहिला घाम व्हिजिटिंग कार्डांनी काढला. कार्ड दोन्ही हातांनी, वाकून, समोरच्याला वाचता येईल असे धरून द्यायचे. त्यांचे मिळाले की ते नीट वाचायचे आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर मांडून ठेवायचे. समोर अख्खा विभाग उभा होता. शेवटच्या कार्डापर्यंत माझी कंबर मांडवभर वडीलधाऱ्यांच्या पाया पडून आलेल्या नवरदेवासारखी झाली होती.

सकाळची उभ्याने घ्यायची बैठक मात्र खरोखर पंधरा मिनिटांत संपली, आणि कुणीही चहाचा कप घेऊन उशिरा आले नाही, याचा आम्हांला थोडा रागच आला. भिंतीवर ‘निको-निको’ कॅलेंडर होते. दिवस संपला की प्रत्येकाने आपल्या मनःस्थितीनुसार हसरा, मख्ख किंवा रडका चेहरा त्यावर चिकटवायचा. एका नवशिक्या मुलाने आधी विभागप्रमुखांचा चेहरा पाहिला (कॅलेंडरावरचा) आणि मगच स्वतःचा निवडला.

गंमत अशी की, ही विद्या मूळची तिथलीच. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी व्यवस्थापनतज्ज्ञांनी १९८६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये होंडा, कॅनन वगैरे कंपन्यांतल्या चमूंची तुलना रग्बीशी केली, त्यातूनच ‘स्क्रम’ (रग्बीत खेळाडू एकमेकांना भिडून करतात तो घोळका) हे नाव उचलून अमेरिकेच्या जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ साली त्या नावाची, आज अ‍ॅजाइलमध्ये मोडणारी पद्धत सॉफ्टवेअरवाल्यांपुढे मांडली. आता जपानी तरुण तिची अमेरिकी प्रमाणपत्रे मिळवतात. विभागप्रमुख म्हणाले की तिथे बरेचसे सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीकडून, तिच्या पोटकंत्राटदारांकडून आणि त्यांच्याही पोटकंत्राटदारांकडून करून घेतात. त्यामुळे एक बटण हलवायचे तरी आधी करार हलवावा लागतो.

दुपारी, सादरीकरण वगळून थेट प्रोग्रॅमरांशेजारी बसता येईल का, असे आम्ही विचारले. विभागप्रमुखांनी दातांतून हवा आत ओढली; हा तिथला नकार. दुसऱ्या दिवशी मात्र सुधारित वेळापत्रक आले, त्यावर मंजुरीचे तीन तांबडे शिक्के होते, आणि प्रोग्रॅमरांशेजारी बसण्यासाठी बारा मिनिटे राखून ठेवली होती.

निघताना विभागप्रमुख अदबीने म्हणाले की, अ‍ॅजाइल पाहायला खरे तर आम्हीच पुण्याला यायला हवे. मी म्हणालो, “अवश्य! कधीही या.”

त्यांनी दातांतून हवा आत ओढली.