आमचं गॅदरिंग पावणेसहाला संपतं

आज नोटीस बोर्डावर गॅदरिंगच्या कार्यक्रमांची यादी लागली. आमची जाखडी, म्हणजे कोकणातला गोल करून नाचायचा लोकनाच, अकराव्या नंबरवर. गेल्या वर्षी नवव्या नंबरवर होती आणि स्टेजवर गेलीच नाही. त्यानंतर मी लेखी अर्ज दिला होता. सांस्कृतिक विभागाच्या सरांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि 'बघू' म्हणाले. वर्ष गेलं, कुणी काही बघितलं नाही. यादी बघितल्यापासून डोकं नुसतं तापलंय.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर-आडिवरे पट्ट्यातलं, मुख्य रस्ता सोडून आत. कॉलेजच्या गावाहून आमच्याकडे येणारी शेवटची एसटी पावणेसहाची, वस्तीची. ती रात्री गावात मुक्कामाला असते आणि पहाटे निघते, म्हणून तर आम्ही सकाळच्या लेक्चरला वेळेवर बसलेले असतो. ती चुकली की संपलं. रिक्षावाला सातशे रुपये सांगतो. माझे बाबा आंब्याच्या बागेत राखणीला जातात, त्यांची दीड दिवसाची हजेरी ती. गाडी मिळाली तरी उतरल्यावर वीस मिनिटं सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, तुडवत वाडीत जायचं, जानेवारीत सव्वासातला मिट्ट काळोख, आणि गेल्या पावसाळ्यात बिबट्याने आमच्याच वाडीतली दोन वासरं नेली. घरचे कॉलेजात उशिरापर्यंत थांबायला परवानगी देत नाहीत म्हणून त्यांना मागासलेलं म्हणणाऱ्यांनी एकदा ह्या वेळी ह्या सड्यावरून चालून दाखवावं.

आता गेल्या वर्षीचं ऐका. कार्यक्रम दहाचा. प्रमुख पाहुणे आले सव्वाबाराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, अहवालवाचन आणि पाहुण्यांचं पाऊण तासाचं भाषण. मग जेवण. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून सिनेमाची दोन गाणी मध्येच घुसवली. आम्ही आठजणी स्टेजच्या मागे दोन वाजल्यापासून तयार होतो. आठहीजणी वाड्यांवरच्या. जाखडी मला आतेभावाने शिकवली, आजोबा तुरेवाले, म्हणजे जाखडीतल्या शक्ती-तुरा ह्या दोन पक्षांपैकी तुऱ्याचे होते, गौरी-गणपतीत घरोघरी नाचायचे. मुली जाखडी नाचत नाहीत म्हणणाऱ्यांना गप्प करून आम्ही महिनाभर जेवणाच्या सुट्टीत, लायब्ररीमागच्या जांभ्याच्या फरशीवर सराव केला होता. डबा अर्धा खायचा आणि नाचायचं, कारण पाचनंतर आम्ही थांबू शकत नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी सरांना सांगितलं, सर, आता आम्हाला घ्या. 'अजून दोनच आयटम.' पाच पंचवीसला मी परत गेले. 'मध्ये मध्ये येऊ नका गं.' पाच पस्तीसला आम्ही मृदंग उचलला आणि निघालो. कपडे बदलायला वेळ नव्हता. उजव्या पायातली घुंगरांची चाळ सोडायला बसले तर गाठ ओढली गेली, सुटेना. तशीच पळाले. बाजारपेठेतून स्टँडपर्यंत एका पायात चाळ वाजतेय, लोक दुकानांतून वळून बघतायत, आणि माझ्या मागून येणारी आमची सगळ्यात लहान, एफवायची मुलगी हुंदके देत पळतेय. कंडक्टरने घंटी मारली होती, आम्हाला बघून त्याने परत मारून गाडी थांबवली. पूर्ण कॉलेजात आमच्यासाठी कुणी पाच मिनिटं थांबलं नाही, तो माणूस थांबला.

घरी आई म्हणाली, "काय गो, नाचलीस ना?" मी उत्तरच दिलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सर काय म्हणाले माहितीय? 'नाव पुकारलं तेव्हा तुम्ही नव्हता. कमिटमेंट नाही तुमच्यात.' कमिटमेंट! दोन तास उशिरा आलेल्या पाहुण्यांना हा शब्द कुणी ऐकवला नाही.

तीन वर्षांत मी एकदाही बक्षीस समारंभ बघितलेला नाही. एफवायला वक्तृत्वात दुसरी आले, ते प्रमाणपत्र सोमवारी ऑफिसच्या खिडकीतून मिळालं, सही घेऊन, बोनाफाईड देतात तसं. फिशपॉन्ड, म्हणजे एकमेकांवरच्या निनावी टोमण्यांच्या चिठ्ठ्या, संध्याकाळी साडेसहाला वाचतात. आमच्या नावाचे असतात त्यात, आमच्या पाठीमागे वाचतात, आणि सकाळी वर्गात शिरल्यावर पोरं कशाला हसतायत ते आम्हाला कळत नाही. युवा महोत्सवाच्या एकांकिकेची तालीम पाच ते आठ. म्हणजे निवड शहरात घर असलेल्यांचीच. वर मीटिंगमध्ये म्हणायचं, ग्रामीण मुलींचा सहभाग कमी आहे.

आमचं मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, त्याचं मुख्यालय आमच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तेसुद्धा युवा महोत्सवाची पहिली फेरी आपापल्या जिल्ह्यात घेतं, सगळ्यांना उठून मुंबईला बोलावत नाही. आणि स्टँडपासून दहा मिनिटांवरच्या कॉलेजला एक नाच अकराव्या नंबरवरून दुसऱ्यावर आणता येत नाही?

एसटीला शिव्या घालू नका, त्या मी ऐकून घेणार नाही. २०२१-२२च्या संपात मी अकरावीला होते, तेव्हा महिनोन्‌महिने कॉलेजचं तोंड बघितलं नाही. एसटी नसली की आमचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. पासावर दोन तृतीयांश सवलत आहे म्हणून मी शिकतेय. पण डिसेंबर-जानेवारीत गाड्या शाळांच्या सहलींना जातात, फेऱ्या रद्द होतात, आणि नेमकं तेव्हाच गॅदरिंग असतं. हे दरवर्षीचं आहे. प्राचार्यांनी आगार व्यवस्थापकांना आठ दिवस आधी पत्र दिलं, त्या दिवशी आमच्या मार्गाची गाडी तासभर उशिरा सोडा म्हणून, तर विचारून तरी बघता येईल. एक पत्र! पाहुण्यांना निमंत्रण द्यायला चारजण गाडी करून जातात.

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या निवासी शिबिरात मी पहिल्यांदा शेवटपर्यंत बसले. गावच्या शाळेत मुक्काम, रात्री जेवणं झाल्यावर पटांगणात गोल करून कार्यक्रम. घड्याळ बघायचं नव्हतं. त्या रात्री आम्ही जाखडी नाचलो, साडेदहा वाजता, आणि शहरातल्या मुली म्हणाल्या, अगं, तुम्हाला हे येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. कसं माहीत असणार! तीन वर्षं एका वर्गात बसतोय आणि त्यांनी आम्हाला संध्याकाळी कधी बघितलेलंच नाही.

मी टीवायला आहे. हे माझं शेवटचं गॅदरिंग. उद्या सकाळी पहिल्या गाडीने उतरले की थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाणार, आठहीजणी जाणार. स्टँडवरचं वेळापत्रक हाताने उतरवून घेतलंय, कुठल्या मार्गाची शेवटची गाडी किती वाजता आणि त्या गाडीने कार्यक्रमातली कोण कोण जातात, सगळं लिहिलंय. नुसत्या आमच्याच नाही, एकूण तेवीस मुलांची नावं निघाली. ह्या तेवीसांचे कार्यक्रम जेवणाआधी घ्या. पाहुणे आले नसतील तर नसू देत, प्रेक्षक आलेले असतात. हे जमत नसेल तर यादीतून आमचं नाव आत्ताच खोडा, कारण पायात चाळ बांधून स्टँडवर पळायला मी पुन्हा तयार नाही.