इंग्रजीत राग येतो का बे?

गॅदरिंगमध्ये आपल्यातल्याच एका पोरानं इंग्रजीत रॅप केला, तो व्हिडिओ एव्हाना सगळ्यांनी बघितला होता, त्यामुळे सोलापुरात सात रस्त्याच्या कट्ट्यावर विषय काढावाच लागला नाही. विन्या बसायच्या आधीच सुरू झाला. "काय फ्लो दिला राव पोरानं! डोळे मिटले तर अमेरिकन वाटतो."

"ते तर दुखणं हाय," श्रीन्या म्हणाला. "राहतो विणकरांच्या पूर्व भागात आन् म्हणतो 'माय हूड', अमेरिकन रॅपरच्या गल्लीवानी. हूड कुठंय बे तिथं? माग हायत."

विन्या चार वर्षं पुण्यात आयटीत काढून आलाय. तेव्हापासून शेंगाचटणीला 'पीनट चटणी' म्हणतो. त्याचा मुद्दा एकच, जग. "मराठीत गाशील तर बार्शीपर्यंत पोचशील. रॅपर हनुमानकाइंड बघ. केरळचा, पण इंग्रजीत गायला म्हणून 2024 मध्ये जगभर वाजला."

"तो ह्यूस्टनला वाढलाय. ती इंग्रजी त्याच्या गल्लीतली. तुझी कुठली? वेबसिरीजची."

मल्लूअण्णानं चहात पाव बुडवत भर घातली. "मुंबईच्या रॅपर डिव्हाइननं पण इंग्रजीतच सुरुवात केली होती. अंधेरीची हिंदी तोंडात घेतली तवा लोकांनी ऐकला. आन् लांब कशाला, आपल्या सिद्धरामेश्वरांनी वचनं कानडीतच लिहिली की. शाहीर राम जोशी संस्कृत शिकलेला, तरी फडावर उभारला तो लावणी घेऊन."

विन्यानं मग हुकमी पान टाकलं. "श्रीन्या, तुझ्या घरात तेलुगू. मग मराठी तरी तुझी कुठाय?"

श्रीन्यानं ग्लास खाली ठेवला. "आई तेलुगूत रागावते, मालक मराठीत. मल्लूशी भांडताना कानडी शिव्या निघतात. इंग्रजीत मला आजवर कधी रागच आला नाही बे. ज्या भाषेत राग येत नाही त्यात रॅप कसला करू?"

मला तर ते काळजाला भिडलं. 1973 साली न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या पोरांनी हे सुरू केलं, तेव्हा माइकवर कुणाची नक्कल नाही, गल्लीतली बोली आणली. उचलायचं तर तेवढं उचलावं. आणि पुस्तकी मराठीतला रॅपही मला नकोच. 'मी येत आहे' म्हटलं की ठेका बसतो फतकल मारून. आपलं 'येलालो, खालालो, जालालो' म्हणून बघा. तीन-तीन अक्षरं, शेवटी आयतं यमक. सोलापूरच्या क्रियापदातच ताल भरलाय, आणि आमची पोरं तो लपवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

श्रीन्यानं टपरीवरचा बिस्किटाचा रिकामा डबा ओढला. खटॅक-खट, खटॅक-खट. मागाचा धोटा इकडून तिकडं जातो तसा ठेका. लहानपणी तो मागाशेजारीच झोपायचा.

"गड्ड्यात घेतलास पाचशे बे,
'देलालो, देलालो' म्हणलास बे,
दोन गड्डे झाले, पैसे कुठं बे?
पुण्याला जाऊन शाणा झालास बे!"

गड्ड्याच्या जत्रेतलं पाचशेचं प्रकरण विन्याला वाटलं होतं तेवढं जुनं झालेलं नव्हतं. तो उसळून ओरडला, "देलालो की बे!"

एवढं अस्सल सोलापुरी त्याच्या तोंडून चार वर्षांत आलं नव्हतं. मल्लूअण्णाला हसताना ठसका लागला, पाव चहात गेला. श्रीन्यानं डबा बडवत तेवढीच ओळ धरली, "देलालो की बे, देलालो की बे!" आणि टपरीवाल्या मामांनी किटली ठोकत साथ दिली.