‘नावं बदला, झाली नवी प्रेमकादंबरी’ म्हणणाऱ्यांसाठी

‘प्रेमकादंबरी लिहायला काय लागतं? एक श्रीमंत पोरगा, एक गरीब पोरगी, एक पाऊस, एक गैरसमज. नावं बदला, झाली नवी कादंबरी. हे सगळं मोबाइलमुळं आलेलं खूळ. रंकाळ्यावर बसायचं, मूड आला की लिहायचं. अभ्यास शून्य. आता तर एआय चार मिनिटांत लिहून देतो. आणि पैसा बघाल तर खोऱ्यानं!’

हा मजकूर सध्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. लिहिणाऱ्याची शैली झकास आहे, ते कबूल. मुद्दे मात्र एकेक करून घासले तर टिकत नाहीत. एक तेवढा अर्धा टिकतो, तोच आधी घेऊ.

साचा. शेवट ठरलेला असतो हे खरंच आहे. दोघं एकत्र येणार हे वाचकाला मुखपृष्ठ पाहूनच कळतं, आणि तसं झालं नाही तर तो चिडतो. पण म्हणून काम सोपं होत नाही, उलट अडतं. रहस्यकथा लिहिणारा हुकमाचं पान शेवटपर्यंत हातात ठेवतो. इथे ते पहिल्याच डावात पालथं नव्हे, उघडं टाकावं लागतं. मग दोन-सव्वादोनशे पानं वाचकाला धरून ठेवायला एकच प्रश्न उरतो: ही दोघं आजच एकत्र का येत नाहीत?

त्याचं उत्तर दोन पातळ्यांवर लागतं. समजा, नायिका इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याची मुलगी आहे आणि नायक तिच्या वडिलांच्या थकीत कर्जाची फाइल सांभाळणारा बँक अधिकारी. ही झाली बाहेरची अडचण. ती एकटी असेल तर कर्ज फिटलं की कादंबरी संपली. आतली अडचण अशी हवी: कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत, असं तिनं वडिलांची अवस्था बघून ठरवलंय, आणि त्याला प्रेम दाखवायची एकच रीत येते, न सांगता गुपचूप कुणाचं तरी काम करून टाकणं. आता तो जितका चांगला वागेल तितकी ती लांब जाईल. असे दोन स्वभाव समोरासमोर बसले की प्रसंग सुचवावे लागत नाहीत, ते येत राहतात.

मजकुरातला ‘एक गैरसमज’ हा प्रकार खरंच सर्रास दिसतो, आणि कादंबऱ्या पडतात त्या बहुतेक तिथंच. कसोटी साधी आहे. दोन मिनिटांचा फोन केला तर भांडण मिटेल का? मिटत असेल तर ती अडचण नव्हे. तिच्यावर चाललेली कादंबरी निम्म्यात आली की लेखकाला फोन हरवावे लागतात, रेंज घालवावी लागते, शेवटी अपघात घडवावा लागतो. तिसऱ्या हॉस्पिटलला वाचक पुस्तक मिटतो.

मोबाइलचं खूळ म्हणाल, तर हा मुद्दा निदान कोल्हापुरात तरी कुणी काढू नये. ना. सी. फडके याच गावात राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. प्रणयप्रधान कादंबऱ्या तर त्यांनी ढिगानं लिहिल्याच, पण त्या कशा रचतात याच्या तंत्रावरही पुस्तक लिहिलं, तेही १९३१ साली. ‘कलेसाठी कला’ म्हणणारे ते आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारे वि. स. खांडेकर, दोघंही इथलेच रहिवासी झाले. साचा, तंत्र, रंजन यांवरचं भांडण या गावाला नवं नाही. फक्त तेव्हाचं भांडण पुस्तकं वाचून व्हायचं.

आता मूड. रंकाळा तलावाच्या कठड्यावर बसून काहीतरी सुचतं, यात वाद नाही. सुचण्यापासून पुस्तकापर्यंतचा हिशेब मात्र असा असतो. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण २८० ते ३०० शब्द बसतात. साठ हजार शब्दांची कादंबरी म्हणजे २०८ पानं, छपाईच्या भाषेत सोळा पानांचे तेरा फॉर्म, म्हणजे गठ्ठे. एक प्रसंग सतराशे शब्दांचा धरला तर असे ३५-३६ प्रसंग लागतात. नोकरी, घर सांभाळून रोज साडेसहाशे शब्द आणि आठवड्याला पाच दिवस, हा वेग चांगलाच म्हणायचा. त्या वेगानं पहिला खर्डा व्हायला सव्वाचार महिने जातात. मूडची वाट पाहणाऱ्याचा खर्डा दहाव्या प्रसंगाशी थांबलेला सापडतो, कारण पहिली भेट, पहिला पाऊस, पहिलं भांडण लिहून झालेलं असतं आणि पुढं काय, हे ठरलेलं नसतं.

ते ठरवण्यासाठी लिहायला बसण्याआधी एका पानाचा गोषवारा आणि प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करतात. कार्डावर फार काही नसतं: तारीख आणि वार, या प्रसंगात कोणाला काय हवंय, शेवटी काय बदललं, आणि कोणाला काय माहीत झालं. हा शेवटचा रकाना टाळला की हमखास घोळ होतो. बाराव्या प्रसंगात नायिकेला जे समजलं, त्यावर ती पंचविसाव्या प्रसंगात पुन्हा दचकते. कार्ड बघून जो प्रसंग काढला तरी काही बिघडत नाही असं दिसतं, तो काढायचा. बहुधा तो मैत्रिणींच्या गप्पांचा असतो.

खर्डा झाला की तीन-चार आठवडे बाजूला. मग पुनर्लेखन, आणि तेही एका फेरीत नव्हे. एक फेरी फक्त रचनेची, एक तारखांची, एक संवादांची. संवाद मोठ्यानं वाचायचे. घरचे हसले तरी चालेल. खर्ड्यातले दहा-पंधरा टक्के शब्द या फेऱ्यांत गळतात, आणि सगळ्यात आधी गळतात ते भावना सांगणारे संवाद. खर्ड्यात असं असतं: ‘मला तुझी काळजी वाटते. तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस.’ पुनर्लेखनात तेच असं होतं:

‘जेवलास?’
‘व्हय.’
‘कुठं?’
‘मेसमध्ये.’
‘आज रविवार हाय. रात्रीची मेस बंद असत्या.’

काळजीही आली, लपवणंही आलं, आणि तिला त्याच्या मेसचं वेळापत्रक पाठ आहे हेही कळलं. हा बदल मूडनं होत नाही, तिसऱ्या फेरीला होतो.

नंतर तीन-चार वाचकांना वाचायला द्यायचं. त्यांना ‘आवडली का?’ विचारू नये, सगळे हो म्हणतात. ‘वाचता वाचता मोबाइल कुठं हातात घेतलास?’ असं विचारावं आणि त्या पानावर खूण करावी. दोघांची खूण एकाच प्रसंगावर आली तर तो प्रसंग दुरुस्त करण्यापेक्षा त्याच्या आधीचे दोन तपासावेत. कंटाळा जिथं कळतो, त्याच्या जरा आधीच तो सुरू झालेला असतो.

ऑनलाइन मालिका लिहिणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. हजार-बाराशे शब्दांचा भाग, शेवटी खुंटीला टांगलेला प्रश्न. पहिला भाग टाकण्याआधी निदान दहा भाग तयार नसतील तर ताप आला, घरात लग्न निघालं की मालिका तुटते. त्याच मालिकेचं पुस्तक करताना दर भागाची ती खुंटी आणि मागची आठवण करून देणारी वाक्यं काढावी लागतात, नाहीतर सलग वाचणाऱ्याला दर चार पानांनी ठेच लागते.

‘अभ्यास शून्य’ हा मजकुरातला सगळ्यात कच्चा दावा. प्रेम खरं वाटायला आजूबाजूचं जग खरं लागतं, आणि गावचा वाचक चूक लगेच पकडतो. किरणोत्सवाचंच घ्या, म्हणजे सूर्याची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा. अंबाबाईच्या देवळात नायक-नायिकेची पहिली नजरानजर किरणोत्सवात घडवायचा मोह अनेकांना होतो. पण किरणं येतात ती मावळत्या सूर्याची, पश्चिमेच्या महाद्वारातून. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या सुमारास. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, मग मुखापर्यंत. ‘पहाटेच्या किरणांत तिचा चेहरा उजळला’ असं लिहिलं की कोल्हापूरचा वाचक तिथंच सोडून जातो. शिवाय ढग आले किंवा वाटेत अडथळा आला तर किरणं गाभाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत. लेखकाला ही आयतीच संधी: अख्खं देऊळ ज्याची वाट पाहतंय ते होत नाही, आणि गर्दी पांगताना ही दोघं मागं राहतात.

गुऱ्हाळावरचा प्रसंग जुलैत घालता येत नाही. गुळाचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. आणि पाक तयार होत आला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, कुणाशी गोड बोलत उभा राहत नाही. तेवढ्या वेळात काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरायची राहिली तर माल बिघडतो. नायक गुळव्या असेल तर कुजबूज रस गरम होतानाची, मळी काढतानाची. काहील उतरण्याच्या क्षणाला तो तिच्यावर खेकसेल. तोच प्रसंग चांगला होईल.

महापुरात दोघांना वेगळं करायचं असेल तर पाणी एका रात्रीत ‘अचानक’ येत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पंचगंगा फुटाफुटानं चढते आणि गावातला जो तो दर तासाला तोच आकडा विचारत असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. फोनवर नुसते आकडे सांगणारी दोघं, एवढ्यानं प्रकरण उभं राहतं.

आणि कोर्ट मॅरेज. पळून आले, संध्याकाळी सह्या झाल्या, असं किती कादंबऱ्यांत आहे! १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आधी नोटीस द्यावी लागते, त्याआधी दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस मुक्काम लागतो, नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात आणि हरकतीसाठी ३० दिवस थांबावं लागतं. लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. हे माहीत नसणं म्हणजे कथानकाचं नुकसान आहे. भिंतीवर लागलेली नोटीस, ती कुणीही वाचू शकेल असा महिना, आणि तिसरा साक्षीदार कोण, हा प्रश्न. इतकं फुकट मिळत असताना लेखक खोटा अपघात कशाला शोधतो, हे कळत नाही.

एआयबद्दल थोडक्यात. चार मिनिटांत मजकूर मिळतो, खोटं नाही. मिळतं ते असं: ‘तिच्या पोटात फुलपाखरं उडू लागली.’ मराठीत पोटात गोळा येतो, कावळे ओरडतात. फुलपाखरं इंग्रजीतून उडत आली. नायक-नायिका दोघंही बातम्या वाचल्यासारखं बोलतात. इथल्या कितीतरी मुली ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात, हे तर यंत्राला सांगूनही चौथ्या पानावर विसरलेलं असतं. अर्थात माणूस मुद्रितशोधकही तेच ‘दुरुस्त’ करून ठेवतो, म्हणून त्याला आधीच बोलीच्या रूपांची यादी द्यावी. तीच गत फाँटची: युनिकोडमधला मजकूर छपाईसाठी जुन्या फाँटात नेला की ‘दुसऱ्या’, ‘अ‍ॅ’ अशा ठिकाणी अक्षरं फुटतात, तेवढी वेगळी शोधून पाहावी लागतात. आणि किंडलवर पुस्तक चढवताना मजकूर एआयनं तयार केलाय का, हे २०२३ पासून सांगावं लागतं.

राहिला खोऱ्यानं ओढायचा पैसा. मराठीत आवृत्ती बहुधा हजार प्रतींची. २५० रुपये किंमत आणि दहा टक्के मानधन धरलं, तर सगळ्या प्रती खपल्यावर २५ हजार रुपये. तेही विक्री होईल तसे. सात-आठ महिन्यांच्या कामाचे. किंडलवर टक्केवारी ३५ किंवा अटी पाळल्यास ७०, पण तिथं जाहिरात, मुखपृष्ठ, शुद्धलेखन हे सगळं लेखकाच्या खिशातून.

खरा पैसा बुडतो तो करारात. ‘सर्व हक्क कायमचे’ असं छापलेलं असतं आणि पहिल्या पुस्तकाच्या आनंदात त्यावर सही होते. छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, वेब मालिका हे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत, प्रत्येकाची मुदत लिहावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, करारात मुदतच लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर तो लेखकाकडे परत येतो, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणून छापील करारात ते ‘वेगळं काही’ बारीक अक्षरात लिहिलेलं आहे का, हे सहीआधी शोधायचं. आणि सापडलं तर खोडून, शेजारी दोघांच्या सह्या घ्यायच्या.