बियांका की फ्लोरा? जपानी गेमर्समध्ये इज्जत कमवायची असेल तर हे वाचा

जपानी गेमर्सच्या गप्पांमध्ये मान हवाय ना? मग ग्राफिक्स, बॉस, लेव्हल असल्या किरकोळ गोष्टी सोडा. एकच विषय धरा, ड्रॅगन क्वेस्ट ५ मध्ये लग्न कुणाशी केलं. गेम आला १९९२ ला, निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम कन्सोलवर, म्हणजे तेव्हा शाळा बुडवून खेळणारी पोरं आता स्वतः लग्नाच्या मुलींचे बाप झाली असतील, पण निकाल अजून लागलेला नाही आणि तुम्हीही तो लावायला जायचं नाहीये.

मॅटर असं आहे. एकीकडे बियांका, लहानपणीची मैत्रीण, रात्री भुताच्या किल्ल्यात सोबत आलेली, आता आई वारलीये आणि डोंगरातल्या गावात आजारी बापाला सांभाळते. दुसरीकडे फ्लोरा, शांत, सोज्वळ, बाप रुडमन गडगंज. ठरवायला फक्त एक रात्र. बरं, त्या रात्री जरा पाय मोकळे करायला बाहेर पडलात तर बियांका झोप येत नाही म्हणून खिडकीशी उभी! गेमचा कर्ता युजी होरी, त्याने हा सीन कुठल्या जन्माचा सूड म्हणून टाकला देव जाणे.

बियांकावाले असाल तर काम सोप्पंय. फ्लोराशी लग्न केलं तर बियांका त्या डोंगरात बिनलग्नाचीच राहते, एवढं बोलायचं आणि समोरच्याकडे असं बघायचं की जणू त्याने तुमच्या सख्ख्या बहिणीचं लग्न भर मांडवात मोडलंय. पुढचं सगळं तोच बोलतो, सफाई देत देत.

फ्लोरावाल्यांनी मात्र जपून. रुडमनकडे एक ढाल असते, हिरोला पुढे लागणारी. "मला ती ढाल हवी होती ना" हे चुकूनही बोलू नका, कारण बियांकाशी लग्न केलं तरी रुडमन ढाल देतोच, वर जहाज देतो, लग्नही तोच लावून देतो (मला तर सगळ्या गेममध्ये हाच एक माणूस आवडला). त्यापेक्षा सांगा की फ्लोरा इओनाझुन नावाचा मंत्र शिकते, एक स्फोट की समोरचे सगळे राक्षस गार. बायको दारूगोळा बघून निवडली म्हणून लोक शिव्या घालतील, घालू द्या, निदान ढालवाल्यापेक्षा बरे दिसाल.

२००८ च्या निन्टेन्डो डीएसवरच्या (हातात धरून खेळायचा कन्सोल) रीमेकमध्ये फ्लोराची मोठी बहीण डेबोरा पण आली. तिचं नाव घेतलंत की दोन्ही पक्षांची युती होते आणि तुम्ही 'निवाका' ठरता, म्हणजे कालचं पोरगं. मग जपानी नेट फोरमवरचा तो जुना ठेवणीतला सल्ला मिळेल, सहा महिने गप नुसतं वाचत बस. फ्लोराला इंग्रजी गेममधल्यासारखं नेरा म्हणालात तर सहाचे बारा. आणि कोणी 'कुसा' म्हणालं तर रागावू नका, कुसा म्हणजे गवत, हसण्याला जपानीत वाराउ म्हणतात, त्याचा डब्ल्यू ओळीने टाईप केला की गवत उगवल्यासारखं दिसतं. म्हणजे तुमच्यावर हसतायत, बाकी काही नाही.

दोन सेव्ह ठेवून दोघींशी लग्न केलं हे खरं असलं तरी कबूल करू नका, त्याला कुठलाच पक्ष जवळ करत नाही. अगदीच कोंडीत सापडलात तर सांगा, मी रुडमनलाच मागणी घातली होती. गेममध्ये खरंच घालता येते. तो बिचारा गडबडतो, आणि परत नीट विचार कर म्हणतो.