वर चढणारे पोपडे

पावसाळ्यात भिंतीचे पोपडे खाली पडतात, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. आमच्या दादरच्या घरात ते वर चढतात.

जवळून पाहिलं तर पोपडा नसतोच. भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी, सेंटिमीटरभर लांबीची पिशवी. तिच्या टोकातून अळीचं डोकं आणि सहा पाय बाहेर येतात आणि सगळं बिऱ्हाड पुढे ओढलं जातं. बोट लावलं की आत गडप. जरा वेळाने दुसऱ्याच टोकातून बाहेर! दोन्हीकडे दार, आणि आत वळायला जागा. आमच्या बाथरूममध्ये बादली ठेवली की माणसाला वळता येत नाही.

हा फेरिओएका नावाचा छोटा पतंग, लोकरीच्या कपड्यांना लागणाऱ्या कसरीच्याच कुळातला, म्हणजे टिनेइडीतला. अळी स्वतःच्या रेशमात वाळूचे कण, भिंतीचा चुरा, धूळ, धागे चिकटवून पिशवी विणते आणि अंगाने वाढली की वाढीव बांधकाम करते. सोसायटीची एनओसी न घेता.

इथवर ठीक होतं. पण नवऱ्याने चहाच्या वेळी पुढचं मोठ्याने वाचलं: "कोळ्यांची जाळी, मेलेले किडे आणि गळलेले केस हे हिचं मुख्य खाद्य." सासूबाईंनी चष्मा वर सरकवून आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. केसांबद्दल तर चौकशीही झाली नाही. नवऱ्याचं डोकं बघता पुरवठा कुणाकडून होतोय हे उघड होतं.

पेस्ट कंट्रोलवाला म्हणाला, "ताई, झुरळाचं सांगा, ढेकणाचं सांगा. ह्याला झाडूच." दुसरा उपाय नवऱ्याने शोधला: घरातली हवा कोरडी ठेवावी. जुलैत. मुंबईत. दोरीवर माझा परवाचा गाऊन अजून ओला होता.

तेव्हा रोज सकाळी मी स्टुलावर, हातात झाडू, आणि सासूबाई खालून दिशा दाखवणार. "ती नको, ती रिकामी आहे. पंख्यामागची बघ." साधारण 50 दिवस अळी, मग पंधरवडाभर त्याच पिशवीत कोश, आणि पंख फुटले की पिशवी आमच्या भिंतीवर टाकून मॅडम चालत्या होतात.

नवऱ्याला पडद्यावर बसलेली ती करडी पतंगीण दिसली की दया येते. "आठवडाभराचं आयुष्य गं बिचारीचं," तो म्हणतो. तेवढ्यात ती 200 पर्यंत अंडी घालते, ही ओळ मात्र त्याने मोठ्याने वाचली नाही.