झांज, कूलर आणि सहा डेसिबल

आईच्या भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेटींवरचे चाळीस अभंग मी संगणकावर उतरवून घेतले आणि फ्लॅक या, ध्वनीतले काहीही न गाळणाऱ्या फाइल-स्वरूपात जपून ठेवले. तिच्या छोट्या स्पीकरला फ्लॅक कळत नाही, म्हणून एमपीथ्री प्रती करून पेन ड्राइव्हवर दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तिने मला उठवले. "पहिला अभंग ऐकूच येत नाही, अन् दुसऱ्यानं शेजारच्या काकू दचकून उठल्या. काय करून ठेवलं तू?"

संगणकावर मात्र तेच अभंग एका पातळीत वाजत होते. दोष एमपीथ्रीचाच, असे ठरवून मी तपासाला बसलो. पण नागपुरात मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, दोन डेसिबलचा फरक कानाने ओळखायचा तर आधी कूलर बंद करावा लागतो, आणि कूलर बंद केला की दुसऱ्या कडव्यापर्यंत अभंगातले लक्ष उडून ते मानेवरून ओघळणाऱ्या घामावर जाते. शेवटी कानांचा नाद सोडून मोजणी करणारे सॉफ्टवेअर लावले. दोन्ही प्रतींचे आकडे जुळले. एमपीथ्री बिचारा निर्दोष होता.

भानगड चिठ्ठीची होती. मागे कधीतरी हौसेने मी फ्लॅक फायलींना रीप्लेगेनचे टॅग लावले होते. 2001 साली पुढे आलेल्या या पद्धतीत मूळ ध्वनीला हात लावत नाहीत. 'हे सहा डेसिबल हळू वाजवावे' अशा अर्थाची नोंद फायलीत ठेवतात आणि वाजवणाऱ्या यंत्राने ती वाचावी अशी अपेक्षा असते. संगणक ती इमानाने वाचत होता, रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने ती वाटेत गाळली, आणि गाळली नसती तरी आईचा स्पीकर निरक्षरच निघाला असता.

तेव्हा फायलीतला आवाजच बदलणे आले. मी प्रत्येक अभंगाचे सर्वोच्च शिखर, म्हणजे त्यातला सर्वांत मोठा आवाज, फायलीत मावणाऱ्या कमाल मर्यादेला नेऊन टेकवले, तरी फरक उरलाच, कारण एका अभंगात कोणीतरी माइकच्या तोंडाशी झांज आपटली होती. तो एक ठोका आधीच छताला भिडलेला, त्यामुळे उरलेली पाच मिनिटे जमिनीवरच. (झांज कोणाची, हे आईने त्या एका ठोक्यावरून ओळखले.) मग कानाला जाणवणारी पातळी मोजणारे लफ्स हे एकक धरले. युरोपातल्या प्रसारकांनी 2010 साली त्यासाठी उणे 23 हा आकडा ठरवला. आमच्या स्पीकरवर तो फारच पुटपुटल्यासारखा वाटला, म्हणून मी उणे 18 पर्यंत चढलो. त्याहून वर ती झांज फाटत होती.

चाळीसही अभंग एका पातळीत आले. आईने पाच-सहा ऐकले आणि कपाळाला आठी घातली. "धाकटी मावशी तर पेटीमागून कुजबुजत गायची. ती माझ्या बरोबरीनं कशी गाऊन राहिली?"

रीप्लेगेनमध्ये यासाठी अल्बम गेन असतो. अख्ख्या कॅसेटला एकच दुरुस्ती लावतात, म्हणजे कॅसेटी एकमेकींशी जुळतात आणि कॅसेटच्या आतला मानपान जिथल्या तिथे राहतो. आईला नाव ठाऊक नव्हते, मागणी मात्र नेमकी होती. मी उठून पुन्हा कूलर बंद केला.