बाहुली आकसली म्हणजे नस शाबूत? टॉर्चच्या फॉरवर्डला उत्तर

पर्वती उतरून आल्यावर आमचा कट्टा पायथ्याशी अर्धा तास बसतो. गेल्या आठवड्यात तिथे निम्मी मंडळी एकमेकांच्या डोळ्यांत मोबाइलचा टॉर्च मारत होती. निमित्त एका फॉरवर्डचं. मी पेठेतल्या एका दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, त्यामुळे तो मला एका सकाळी चार ग्रुपांवरून आला, प्रत्येक वेळी ‘खरं आहे का हो?’ या शेपटासकट.

मजकूर थोडक्यात असा: ‘अर्धा तास अंधाऱ्या खोलीत बसा. मग आरशासमोर टॉर्च डोळ्यांवर मारा. बाहुली पटकन लहान झाली तर नस ठणठणीत, काचबिंदू नाही. हळू झाली तर ८० टक्के नस गेली. टॉर्चवर निळा कागद लावला तर काचबिंदू खूप आधी कळतो. प्रेशर नॉर्मल असेल तर बघायलाच नको. डॉक्टर हे सांगणार नाहीत.’

पंचाईत अशी की यात थोडं खरं आहे. बाहुलीवरून नसेचा अंदाज येतो, आम्ही तो रोज घेतो. पण असा नाही.

‘बाहुली पटकन लहान झाली तर नस ठणठणीत.’ इथेच सगळी गफलत आहे. डोळ्याच्या पडद्यावर गँगलियन पेशी असतात, एका डोळ्यात साधारण १० ते १२ लाख. त्यांचे धागे एकत्र येऊन डोळ्याची नस बनते आणि काचबिंदूत हेच धागे मरत जातात. प्रकाश पडला की काही धागे तो निरोप मध्यमेंदूकडे नेतात, आणि तिथून ‘आकसा’ असा हुकूम सुटतो तो दोन्ही डोळ्यांना. उजव्या डोळ्यात टॉर्च मारला तरी डावी बाहुलीही तेवढीच लहान होते. आता आरसा आठवा. टॉर्चचा झोत दोन्ही डोळ्यांवर पडलाय. समजा डाव्या डोळ्याची नस पुरती गेली आहे. तरी उजव्याच्या जिवावर दोन्ही बाहुल्या झकास आकसणार, आणि तो माणूस ग्रुपवर अंगठा टाकणार.

बरं, एकेक डोळा झाकून बघितलं तर? तरीही नाही. अर्धे धागे गेले तरी उरलेले अर्धे बाहुली लहान करतातच. थोडी कमी करतात, पण ‘कमी’ हे कशाशी ताडून ठरवायचं? दुसऱ्या डोळ्याशी. म्हणून दवाखान्यात टॉर्च झुलवतात. खोलीत मंद उजेड, पेशंटची नजर लांब भिंतीवर, झोत दोन-तीन सेकंद एका डोळ्यावर, मग चटकन दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. झोत कमजोर डोळ्यावर आला की बाहुली लहान राहायच्या ऐवजी सैल होऊन मोठी होते. मार्कस गन या स्कॉटिश नेत्रवैद्यांचं नाव या खुणेला चिकटलंय, आणि टॉर्च झुलवायची पद्धत पॉल लेव्हॅटिन यांनी १९५९ मध्ये मांडली.

म्हणजे ही चाचणी दोन डोळ्यांतला फरक मोजते. काचबिंदू बहुतेकांना दोन्ही डोळ्यांत होतो. दोन्ही नसा सारख्याच झिजल्या असतील तर टॉर्च कितीही झुलवा, काही दिसणार नाही. एका बाजूला जास्त झीज असली तरी नुसत्या नजरेला फरक जाणवायला दोन्हींच्या धाग्यांच्या थरात सुमारे पाव हिश्श्याची तफावत लागते. पाव हिस्सा! तोवर आम्ही थांबायचं का?

घरच्या प्रयोगात आणखी दोन घोळ आहेत. जवळ बघितलं की उजेड न वाढताही बाहुली लहान होते. आरसा वीतभर अंतरावर धरला की बाहुली आकसली ती टॉर्चमुळे की आरशामुळे, कोण सांगणार? आणि आपल्याकडचं गडद तपकिरी बुबुळ! अंधुक उजेडात त्यात काळी बाहुली कुठे सुरू होते हे सरावलेल्या डोळ्यालाही पटकन दिसत नाही.

‘हळू झाली तर ८० टक्के नस गेली.’ हा आकडा कुठून आणला देव जाणे. वय वाढलं की बाहुली लहान आणि मंद होते. जुन्या मधुमेहात होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बुबुळाच्या स्नायूला धक्का लागला असेल तर होते. काचबिंदूवरचंच पायलोकार्पिन नावाचं जुनं औषध बाहुली टाचणीएवढी करून ठेवतं. कट्ट्यावरचे एक काका ‘माझी हलतच नाही’ म्हणून रात्रभर जागले. विचारलं तर मधुमेह वीस वर्षांचा, आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली.

निळ्या कागदाच्या मुद्द्यामागे मात्र खरोखर सुंदर विज्ञान आहे. गँगलियन पेशींपैकी टक्काभर पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्यांना सगळ्यांत जास्त चाळवतो. २००२ पर्यंत हे स्पष्ट झालं. निळा दिवा विझल्यावरही या पेशींमुळे बाहुली कितीतरी सेकंद लहानच राहते. वाढलेल्या काचबिंदूत ही पकड ढिली पडते. पण सुरुवातीच्या काचबिंदूतले आकडे निरोगी माणसांच्या आकड्यांत मिसळून जातात. शिवाय हे मोजायला इन्फ्रारेड कॅमेरा आणि मोजूनमापून सोडलेला प्रकाश लागतो. वहीला घालायच्या निळ्या कागदाचं हे काम नव्हे.

प्रेशरचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाबाचं म्हणाल तर १० ते २१ (मिलिमीटर पारा) या नॉर्मल पट्ट्यात बसणाऱ्या कितीतरी लोकांना काचबिंदू असतो. कॉर्निया, म्हणजे डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, पातळ असेल तर यंत्र प्रेशर कमी दाखवतं. चष्मा घालवायला लेसिक, म्हणजे कॉर्निया पातळ करणारं लेसर ऑपरेशन, केलेल्या हिंजवडीतल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

डॉक्टर लपवतात? साठ वर्षांहून जुनी, फुकटातली चाचणी! बाहुली मोठी करायचे थेंब घालण्याआधी टॉर्च मारायचा, हे आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात, कारण थेंबांनंतर बाहुली हलत नाही.

‘अर्धा तास अंधारात बसा’ याचा मात्र मला राग आला. ज्यांच्या डोळ्याचा कोन, म्हणजे बुबुळ आणि कॉर्नियामधली पाणी निघून जायची फट, अरुंद असतो, त्यांची बाहुली अंधारात मोठी झाली की पाणी वाहून जायची वाट बंद होऊन प्रेशर एकदम चढू शकतं. डोळा लाल, भयंकर दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी आणि अर्धवट मोठी होऊन थिजलेली बाहुली, असं दिसलं तर टॉर्च बाजूला ठेवून त्याच रात्री पुण्यात ससूनला किंवा जवळ असेल त्या डोळ्यांच्या रुग्णालयात पोचा.

एरवी चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच, नस आतून बघून घ्यावी, कोन आणि प्रेशर तपासावं, गरज वाटली तर ओसीटी (धाग्यांच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका तपासणारी चाचणी) करावी. फील्ड टेस्टमध्ये दोष उमटेपर्यंत पाव ते एक तृतीयांश धागे गेलेले असू शकतात, म्हणून एकट्या तिच्यावरही आम्ही विसंबत नाही.

ते काका सोमवारी येतायत. थेंब घातल्यावर चार-सहा तास धूसर दिसेल, स्कूटर आणू नका, असं बजावलंय. त्यावर त्यांचा प्रश्न: ‘मग टिळक रोडवरून मीटरने येणारा रिक्षावाला तूच शोधून देणार का?’